वर्कहाउस : मदत मागणाऱ्याची कसोटी कुठून आली

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, की दोन गोष्टी हमखास निघतात. सुकडी आणि खडी. भर उन्हात, डोक्याला पदर किंवा पंचा गुंडाळून, हातोड्याने दगड फोडायचे, ढीग लावायचे, मोजून घ्यायचे आणि मग मजुरी. फोडलेल्या खडीचे ढीग पुढे कित्येक वर्षं रस्त्याकडेला तसेच पडून होते, असंही बरेचजण सांगतात. मग प्रश्न पडतो. रस्ता व्हायचा नव्हता, तर खडी फोडायला का लावली? उपाशी माणसाला धान्यच द्यायचं, तर आधी त्याच्या हातात हातोडा का द्यायचा?

याचं उत्तर शोधायला सोळाव्या शतकापासूनच्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. गरिबांना सरकारने मदत करावी का, कोणाला करावी, आणि मागणारा खरंच गरजू आहे हे ओळखायचं कसं, यावर त्या देशाने साडेतीनशे वर्षं कायदे केले, मोडले, पुन्हा केले. त्यातून वर्कहाउस, म्हणजे मदत मागणाऱ्या गरिबांना आत ठेवून कामाला लावणारी संस्था, उभी राहिली. या इतिहासात दोन धागे आहेत, एक हक्काचा आणि दुसरा कसोटीचा. हे दोन धागे वेगळे ओळखता आले, की बाकीचं सगळं सोपं होतं.

आधी हक्क आला

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला निवारा ही कामं मुख्यतः ख्रिस्ती मठ करत. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात हे मठ बंद केले, त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि विकल्या. दानधर्माची ती व्यवस्था मोडली. त्याच शतकात महागाई वाढत होती, लोकसंख्या वाढत होती, कुरणांसाठी जमिनी कुंपणात जात होत्या. रस्त्यावर भटकणाऱ्या माणसांना चाबकाचे फटके द्यायचे, कानाला भोक पाडायचं, असे कायदे झाले. त्याने भटकंती थांबली नाही, कारण माणसं हौसेने भटकत नव्हती.

शेवटी एलिझाबेथ राणीच्या काळात, १६०१ साली, पुअर लॉ म्हणजे गरिबांसाठीचा कायदा पक्का झाला. त्याने जबाबदारी टाकली पॅरिशवर. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव किंवा वस्ती. प्रत्येक पॅरिशने आपल्यातल्या जमीनवाल्यांकडून आणि घरवाल्यांकडून कर गोळा करायचा आणि त्यातून आपल्या गरिबांना सांभाळायचं. म्हातारे, आंधळे, अपंग यांना मदत द्यायची. धडधाकट पण बेकार असलेल्यांना काम द्यायचं. अनाथ पोरांना कोणाच्या तरी हाताखाली धंदा शिकायला ठेवायचं. काम नाकारणाऱ्याला शिक्षा करायची.

यात दोष भरपूर होते, पण एक गोष्ट मला फार मोठी वाटते. गरिबाला मदत करणं हे श्रीमंताच्या मनावर न सोडता कायद्याने बांधून टाकलं. पॅरिशच्या अधिकाऱ्याने मदत नाकारली, तर गरीब माणूस मॅजिस्ट्रेटकडे जाऊन दाद मागू शकत होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला देशभर लागू असलेली अशी व्यवस्था युरोपात क्वचितच कुठे होती.

पैसा गावाचा, म्हणून भांडणही गावांचंच. अमुक माणूस आमच्या गावचा नाही, तुमच्या गावचा आहे, त्याला तुम्ही पोसा. १६६२ च्या कायद्याने बाहेरून आलेल्या माणसाला, तो पुढे गावावर भार होईल असं वाटलं तर, चाळीस दिवसांच्या आत त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवायची मुभा दिली. सर्वांत जास्त हाल झाले ते अविवाहित गरोदर बायकांचे. मूल ज्या हद्दीत जन्मेल त्या पॅरिशचं ठरणार, म्हणून दिवस भरलेल्या बाईला हद्दीपलीकडे ढकलून देण्याचे प्रकार होत. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्याला उजव्या बाहीवर, खांद्याजवळ, लाल किंवा निळ्या कापडाचा बिल्ला लावणं भाग पाडलं. बिल्ल्यावर गरीब या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर आणि जोडीला पॅरिशचं आद्याक्षर. मदत मिळेल, पण गावाने ती ओळखावी अशा रीतीने. कसोटीचा धागा इथे हळूहळू दिसायला लागतो.

वर्कहाउसही याच काळातली. ब्रिस्टल शहराने १६९६ मध्ये अनेक पॅरिश एकत्र करून गरिबांना कामाला लावायची व्यवस्था केली. सूत कातून घेऊ, माल विकू, खर्च भागवू अशी आशा होती. तो धंदा कुठेच फारसा चालला नाही. पण १७२३ च्या कायद्याने एक नवी युक्ती कायदेशीर केली. पॅरिशला वर्कहाउस काढता येईल, आणि आत यायला नकार देणाऱ्याची मदत बंद करता येईल. तिथून ती इमारत कामाच्या जागेपेक्षा चाळणी म्हणून जास्त उपयोगी पडू लागली.

पावाच्या भावाशी बांधलेली मदत

मधल्या काळात सौम्य वारंही आलं. १७८२ च्या कायद्याने काही ठिकाणी वर्कहाउस फक्त म्हातारे, आजारी आणि अनाथ यांच्यासाठी ठेवली, आणि धडधाकटांना बाहेरच काम शोधून द्यायला सांगितलं. मग १७९५ साल उजाडलं. फ्रान्सशी युद्ध, पडलेलं पीक, गव्हाचे भाव कडाडलेले. बर्कशायर परगण्यातल्या स्पीनहॅमलँड इथे मॅजिस्ट्रेट मंडळी एका खानावळीत जमली आणि त्यांनी एक तक्ता ठरवला. साधारण ४ किलोचा पाव १ शिलिंगला असेल, तर पुरुषाची आठवड्याची कमाई किमान ३ शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलामागे आणखी दीड शिलिंग झाली पाहिजे. मजुरी कमी पडली, तर उरलेलं पॅरिश देईल. पाव महागला की रक्कमही वाढेल. आपल्याकडे नोकरदारांना महागाई भत्ता मिळतो, तसाच हा शेतमजुराचा महागाई भत्ता.

दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच भागात असल्याच पद्धती रूढ झाल्या. लोक उपाशी मेले नाहीत. पण खर्च वाढला. १८१८ च्या सुमारास गरिबांवरचा वर्षाचा खर्च ८० लाख पौंडांच्या जवळ गेला आणि कर भरणारे चिडले. आरोप असा, की मदत मिळते म्हणून मालक मजुरी कमी देतात आणि मजूर आळशी होतात. अर्थशास्त्रज्ञ टॉमस माल्थसने १७९८ पासून मांडलं होतंच, की मदतीमुळे गरीब लवकर लग्नं करतात, पोरं वाढतात आणि गरिबी आणखी पसरते. हा माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत हेलीबरी इथल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात शिकवत होता. हिंदुस्थानात राज्य करायला येणारे तरुण अंमलदार तिथेच घडत.

१८३० मध्ये दक्षिणेतल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या. सरकारने १८३२ मध्ये चौकशी आयोग नेमला. अर्थशास्त्रज्ञ नासाऊ सीनियर आणि एडविन चॅडविक हे त्यातले मुख्य लेखणीवाले. त्यांना काय सिद्ध करायचं आहे हे अहवाल लिहिण्याआधीच ठरलेलं होतं. पुढच्या काळातल्या इतिहासकारांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा मदतीमुळे मजुरी पडली या निष्कर्षाला फारसा आधार सापडला नाही. मजुरी आधीच पडलेली होती, म्हणून मदत द्यावी लागत होती. पण तोवर कायदा होऊन जमाना झाला होता.

१८३४ : मदत कडू करा

१८३४ चा सुधारित पुअर लॉ दोन कल्पनांवर उभा आहे. पहिली अशी, की मदतीवर जगणाऱ्याची स्थिती बाहेर राबणाऱ्या सर्वांत गरीब मजुरापेक्षा वाईटच असली पाहिजे, नाहीतर कोण राबेल? दुसरी अशी, की धडधाकट माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला मदत हवी असेल, तर ती वर्कहाउसच्या आतच मिळेल. या दोन कल्पना जोडल्या, की अधिकाऱ्याला चौकशी करायची गरजच उरत नाही. मदत पुरेशी कडू केली, की खरा गरजूच ती गिळेल आणि बाकीचे आपोआप निघून जातील. चॅडविक आणि मंडळींना हे फार शास्त्रशुद्ध वाटत होतं. लंडनमध्ये तीन आयुक्त बसले, सुमारे १५,००० पॅरिश जोडून ६०० च्या आसपास संघ केले गेले, आणि संघागणिक वर्कहाउस बांधायला घेतली.

नॉटिंगहॅमशायरमधलं साउथवेलचं वर्कहाउस याआधीच, १८२४ मध्ये, जॉन बेचर या धर्मगुरूच्या पुढाकाराने बांधलेलं होतं. आयोगाने त्याचा नमुना म्हणून उल्लेख केला. ही इमारत आज जतन केलेली आहे आणि लोकांना पाहता येते. बाहेरून विटांची, नीटनेटकी, एखाद्या जमीनदाराच्या वाड्यासारखी. आत मात्र पुरुष, बायका, मुलं यांचे विभाग वेगळे, जिने वेगळे, अंगणं वेगळी. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात नजरही जाऊ नये अशा भिंती, आणि मधोमध बसलेल्या व्यवस्थापकाला मात्र सगळं दिसेल अशी रचना.

आत जाणं म्हणजे काय होतं, ते नीट पाहू. कुटुंब दारात आलं, की आधी नाव-गाव लिहून घ्यायचे. मग कपडे उतरवून आंघोळ. स्वतःचे कपडे बांधून, चिठ्ठी लावून कोठारात. अंगावर संस्थेचा गणवेश. त्यानंतर नवरा एका विभागात, बायको दुसऱ्या, मोठी मुलं तिसऱ्या, मुली चौथ्या. सात वर्षांखालचं मूल आईजवळ राहू शके, किंवा तिला त्याला भेटता येई. चाळीस वर्षं एकत्र संसार केलेले म्हातारा-म्हातारीही वेगळे. साठीपुढच्या जोडप्यांना जबरदस्तीने वेगळं करू नये, एवढा नियम व्हायलाही १८४७ उजाडलं. ज्या दिवशी हे कुटुंब आत आलं, त्या दिवशी त्यांनी कुठलाही गुन्हा केलेला नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

आणि हा तुरुंग नव्हता. काही तासांची सूचना देऊन कोणीही बाहेर पडू शकत होतं. अट एवढीच, की बाप निघाला तर सगळं कुटुंब निघालं पाहिजे. गणवेश घालून पळालात तर ती चोरी. या मोकळ्या दारातच कसोटीची सगळी ताकद होती. तुम्ही इथे आहात ते स्वतःच्या संमतीने, असं व्यवस्था छातीठोक सांगू शकत होती.

जेवणाबाबत आयोगापुढे अडचण उभी राहिली. बाहेरच्या शेतमजुराला आठवड्यातून एकदाही मांस मिळायची मारामार. त्याच्यापेक्षा कमी द्यायचं, तर माणसं मरणार. म्हणून पोटाला फार चिमटा न घेता मनाला चिमटा घ्यायचं ठरलं. आयोगाने छापलेल्या पहिल्या तक्त्यात धडधाकट पुरुषाला रोज सकाळी ६ औंस पाव, म्हणजे १७० ग्रॅम, आणि दीड पाइंट ओटची पातळ पेज. रात्री पाव आणि चीजचा तुकडा. दुपारी आठवड्यातून तीनदा मांस-बटाटे, बाकी दिवशी बहुतेक सूप. रोज तेच, वर्षानुवर्षं तेच, तोलूनमापून तेच. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर झोपायचं. काम असं निवडायचं, की त्यात कसब नको आणि समाधानही नको. जुने डांबरी दोरखंड बोटांनी पिंजून त्याचे धागे सुटे करायचे. हाडं कुटायची. आणि दगड फोडायचे.

दगडांची पद्धत रात्रीच्या आसऱ्याला येणाऱ्या भटक्या माणसांसाठी विशेष कडक होती. काही ठिकाणी त्यांच्या कोठडीच्या भिंतीत लोखंडी जाळी बसवलेली असे. दिलेले दगड त्या जाळीच्या भोकांतून बाहेर पडतील इतके बारीक करायचे. ढीग संपला, की सुटका. दुपारपर्यंत दगड फोडत बसलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरीकडे काम कसं मिळणार, याचं उत्तर नियमात नव्हतं.

हॅम्पशायरमधल्या अँडोव्हरला या व्यवस्थेचं खरं रूप देशाला दिसलं. तिथे पुरुषांना हाडं कुटायचं काम होतं. त्या पावडरीचं खत होई. व्यवस्थापक कॉलिन मॅकडुगल हा वॉटर्लूच्या लढाईतला माजी सैनिक. तो आणि त्याची बायको मिळून कोठी चालवत आणि कैद्यांपेक्षाही गरीब असलेल्या या माणसांच्या ठरलेल्या शिध्यातून चोरी करत. १८४५ मध्ये बातमी फुटली, की कुटायला आलेल्या हाडांना चिकटलेलं कुजकं मांस आणि आतला मगज खाण्यासाठी आतली माणसं आपसात भांडतात. ताजी हाडं आली, की सांगायचं नाही, आधी आपण खायचं. ह्यू मंडी या तिथल्याच एका पंचाने, म्हणजे संघाचा कारभार पाहणाऱ्या मंडळातल्या सभासदाने, हे बाहेर काढलं आणि खासदार टॉमस वॅकली यांनी पार्लमेंटमध्ये विचारणा केली. १८४६ मध्ये संसदीय समितीने साक्षी घेतल्या. पुढच्या वर्षी तीन आयुक्तांचं मंडळच रद्द झालं आणि संसदेला उत्तर देणारं नवं मंडळ आलं.

कसोटी मात्र रद्द झाली नाही.

कसोटी कोणाला गाळते

एक गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते आणि ती शांतपणे समजून घेण्यासारखी आहे. १८३४ च्या कायद्याला भीती होती ती आळशी, धडधाकट पुरुषाची. पण वर्कहाउसच्या नोंदवह्यांत सर्वांत जास्त सापडतात ती मुलं, म्हातारे, आजारी, मनोरुग्ण, विधवा आणि अविवाहित आया. ज्या माणसाला गाळायला चाळणी केली, तो तिच्यात फारसा आलाच नाही. जे आले त्यांना जायला दुसरी जागा नव्हती, आणि त्यांना ती सगळी शिस्त भोगावी लागली.

दुसरं असं, की आतल्या माणसावरचा खर्च बाहेर दिलेल्या मदतीपेक्षा जास्त होता. विधवेला घरी आठवड्याला चार पैसे देणं स्वस्त, आणि तिला पोरांसकट आत घेणं महाग. म्हणून कागदावर बंदी असूनही स्थानिक पंच मुकाट्याने बाहेर मदत देत राहिले. संपूर्ण एकोणिसाव्या शतकात मदत घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक वर्कहाउसच्या बाहेरच होते. मग त्या इमारतीचा उपयोग काय? धाक. सगळ्या गरीब वस्तीला माहीत होतं, की शेवटी ते दार आहे. म्हणून माणसं घरातली भांडी विकत, उपास काढत, आजार अंगावर काढत, पण तिकडे जात नसत. मेल्यावर कोणी नातेवाईक आला नाही, तर १८३२ च्या कायद्यानुसार प्रेत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चिरफाडीला देता येई. ती भीती वेगळीच.

आयर्लंडमध्ये या विचाराची किंमत लाखो जीवांनी मोजली. तिथे १८३८ मध्ये पुअर लॉ नेला आणि १३० वर्कहाउस बांधली. १८४५ पासून बटाट्याचं पीक रोगाने सडू लागलं. लोकांना कामावर लावून मजुरी द्यायची, म्हणून रस्ते बांधायला काढले. १८४७ च्या मार्चमध्ये ७ लाखांहून जास्त उपाशी माणसं थंडीत दगडमाती वाहत होती, आणि मजुरीत पोट भरत नव्हतं. मग सरकारने काही महिने वेगळी वाट धरली. सूपची केंद्रं उघडली, कामाची अट काढली. त्या उन्हाळ्यात रोज सुमारे ३० लाख लोक जेवत होते. संपूर्ण दुष्काळातला हा एकच उपाय खऱ्या अर्थाने लागू पडला आणि तो स्वस्तही होता. शरद ऋतूत केंद्रं बंद केली आणि सगळा भार पुन्हा वर्कहाउसवर टाकला. त्यात आणखी एक कलम. पाव एकरापेक्षा, म्हणजे १० गुंठ्यांपेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाही. ज्याच्याकडे तुकडाभर जमीन उरली होती, त्याने ती सोडावी तेव्हा पेज मिळेल. सुमारे १० लाख माणसं मेली, आणि त्याहून जास्त देश सोडून गेली.

त्या वेळी लंडनच्या खजिन्यात बसून मदतीचे दोर ओढणारा अधिकारी होता चार्ल्स ट्रेव्हेलियन. तो हेलीबरीचा विद्यार्थी, आधी हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत होता आणि नंतर मद्रासचा गव्हर्नर होऊन इकडे परत आला.

कसोटी दख्खनमध्ये येते

१८७६ मध्ये दख्खनमध्ये पाऊस फसला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, कलादगी या भागांत जनावरं मेली, गावं ओस पडू लागली. सावित्रीबाई फुल्यांनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. माणसं गाव सोडून चालली आहेत, गुरं तडफडून मरत आहेत, याचं वर्णन त्यात येतं. सत्यशोधक समाजाने त्याच काळात धनकवडीला बालाश्रम काढून दुष्काळातल्या मुलांना जेवण दिलं.

सरकारी बाजूला रिचर्ड टेंपल हा बडा इंग्रज अंमलदार होता. त्याची गोष्ट मला या सगळ्या इतिहासातली फार वेदनादायक वाटते. १८७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा याच माणसाने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हाताने वाटला आणि मृत्यू फारच थोडे झाले. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली नाही. उधळपट्टी केली म्हणून टीका झाली. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटनने त्याला दुष्काळी भागात पाठवलं, तेव्हा तो हिशेब शिकून आलेला होता. त्याने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाचं दीड पौंडाचं धान्य कमी करून एक पौंडावर आणलं. म्हणजे दिवसभर माती वाहणाऱ्या गड्याला साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी आकडे मांडून सांगितलं, की एवढ्यावर राबणारं शरीर टिकत नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकाराने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे निवेदनं पाठवली. सरकारचं म्हणणं तेच जुनं. खरा भुकेला असेल तर घर सोडून लांबच्या छावणीत येईल, मिळेल तेवढ्या धान्यावर दिवसभर राबेल. जो येणार नाही, त्याला गरज नाही. दौंड-मनमाड रेल्वेमार्गाचं बरंच मातीकाम अशाच हातांनी झालं. त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज ५० लाखांच्या वर जातात.

यानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालचा दुष्काळ आयोग बसला आणि १८८० मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. कोणत्या खुणा दिसल्या की कामं काढायची, मजुरी किती, खड्डे आणि खडी कशी मोजायची, निराधारांसाठी पुअरहाउस कुठे ठेवायचं, हे सगळं नियमांत बसवलं. या संहितांनी पुढे जीव वाचवले, हे मान्य करायला हवं. पण आयोगाने एक गोष्ट स्पष्ट बोलून दाखवली. दुष्काळात मदत मागणं हा गरिबाचा हक्क आहे असं एकदा मान्य केलं, तर उद्या तो एरवीही हक्काने मागेल, आणि मग इंग्लंडसारखी कायमची गरीब-मदत व्यवस्था इथे उभी करावी लागेल. ते त्यांना नको होतं.

इथे दोन धागे तुटतात. इंग्लंडच्या गरिबाकडे १६०१ पासून हक्क होता, त्यावर १८३४ मध्ये कसोटी बसवली. इथे बोटीतून कसोटी तेवढी आली. हक्क तिकडेच राहिला.

हक्क परत मिळवायला लागलेली वर्षं

इंग्लंडमध्ये वर्कहाउस एका दिवसात संपलं नाही, बाजूबाजूने झिजत गेलं. १८६५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांनी लंडनच्या वर्कहाउसमधल्या आजाऱ्यांचे हाल छापले. त्याच वर्षी लिव्हरपूलला ॲग्नेस जोन्स ही प्रशिक्षित परिचारिका वर्कहाउसच्या दवाखान्यात रुजू झाली, आणि तीन वर्षांत तिथल्याच टायफसने गेली. १८७५ पासून बायका पंच म्हणून निवडून येऊ लागल्या. १८९६ मध्ये सात वर्षांचा चार्ली चॅप्लिन आईबरोबर आणि भावाबरोबर लंडनच्या लँबेथ वर्कहाउसमध्ये दाखल झाला. तिथून पोरांना वेगळं काढून शाळेत पाठवलं गेलं.

खरा घाव बसला १९०८ च्या वृद्धापकाळ पेन्शनने. सत्तरीपुढच्या गरीब माणसाला आठवड्याला ५ शिलिंग, तेही पोस्टात. उत्पन्नाची अट होती, चालचलणुकीची अटही होती. पण गणवेश नव्हता, दगड नव्हते आणि मताधिकार जात नव्हता. पुअर लॉची मदत घेणाऱ्याचा मतदानाचा हक्क काढून घेतला जाई, आणि ती तरतूद १९१८ पर्यंत टिकली. १९३० मध्ये पंचमंडळं बरखास्त झाली. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, त्याच दिवशी नव्या कायद्याने पुअर लॉ संपवला. इमारती मात्र उरल्या. लंडनचं सेंट पॅनक्रास, लीड्सचं सेंट जेम्सेस ही हॉस्पिटलं जुन्या वर्कहाउसच्या जागेवरची. म्हातारी माणसं कित्येक वर्षं तिथे भरती व्हायला घाबरत असत.

महाराष्ट्राने आपल्या वाटेने हक्क मिळवला. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला. काम मागेल त्याला काम. मग बहात्तरचा दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. मोर्चे निघाले, बायका मोठ्या संख्येने पुढे होत्या. १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून पैशाची सोय झाली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खडी तीच होती, हातोडाही तोच. पण काम मागणारा आता सरकारपुढे परीक्षेला बसलेला नव्हता. तो कायद्याने देय असलेली गोष्ट मागत होता. २००५ चा देशभराचा कायदा आला, तेव्हा त्यात पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या, आणि काम शक्यतो गावाच्या ५ किलोमीटरच्या आत काढा, असं लिहिलं गेलं. दूरच्या छावणीत चालत येण्याची कसोटी घालणाऱ्यांना हे कलम वाचून धक्काच बसला असता.

खडी फोडता येत नाही अशांचं काय, हा प्रश्न मात्र राहतो. १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आहे. तिचे पैसे घ्यायला वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आणि नंतर दरवर्षी आपण जिवंत आहोत याचा हयातीचा दाखला. यातला एक कागद कमी पडला, की एकटी म्हातारी तलाठी कार्यालय आणि तहसील यांच्यात फेऱ्या मारत राहते. आणि त्याही पलीकडे, ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही आणि जो रस्त्यावर हात पसरतो, त्याच्यासाठी मुंबईचा १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. पोलीस त्याला वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्यांदा सापडला तर किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. पुन्हा पुन्हा सापडला तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. १८३४ च्या वर्कहाउसचं दार निदान आतून उघडत होतं. इथे तेही नाही. दिल्लीत हाच कायदा उचलून लावला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्याची कलमं घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राने तो कायदा विधानसभेत स्वतःहून रद्द करायला हवा. चेंबूरचं भिक्षेकरी स्वीकार केंद्र त्याच कायद्याखाली चालतं.